नाना आणि डब्याची मागची बाजू

आमच्याकडे मोटारसायकलचं ऑइल बदलायचं असेल तर गुपचूप बदलावं. गॅरेजचं शटर वर होताहोता पोचावं, मिस्तरीला खुणेनं सांगावं आणि नाना फिरून परत यायच्या आत गाडी घरी आणून लावावी. मुलीचं स्थळ नक्की करताना नानांना विचारलं नाही तर ते मनावर घेत नाहीत. ऑइल मात्र त्यांना न विचारता बदललं असं कळलं, की पुढचे कित्येक दिवस तुमची गाडी समोरून गेली तर ते थांबतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि मान हलवतात. आत काय झिजतंय ते त्या मानेवरून तुम्ही ओळखायचं.

नाना हे कोणा एका माणसाचं नाव नव्हे. शहाद्यात ह्या माणसाला आप्पा म्हणत असतील, तळोद्यात सर, नवापुरात काका. नंदुरबार जिल्ह्याचे तालुके सहा, आणि माझा संशय असा आहे की तहसील कचेरी आणि बसस्थानकाबरोबर असा एकेक नानाही तालुक्याला सरकारनंच मंजूर केलेला असावा. हा बहुधा निवृत्त शिक्षक असतो. नसला तर साखर कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. आयुष्यात ह्यानं स्वतः असे निर्णय फारसे घेतलेले नसतात. लग्न वडिलांनी ठरवलं, बदल्या जिल्हा परिषदेनं ठरवल्या, घराचा नकाशा गवंड्यानं काढला आणि मुलानं कुठली शाखा घ्यायची ते मुलाच्या मित्रांनी सांगितलं. पूर्णपणे स्वतःच्या अखत्यारीतली अशी एकच बाब उरली : गाडीत पडणारं ते नऊशे मिलिलिटर ऑइल. मग त्या नऊशे मिलिलिटरमध्ये नानांनी सगळी हौस भागवून घेतली, तर त्यात आपण कोण बोलणार?

गाडी साधी, शंभर सीसीची. तिचा प्रवास घर ते बाजार आणि बाजार ते घर. फार तर महिन्यातून एकदा प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, दर्शनाला. एवढ्या गाडीसाठी नाना जेवढं वाचून बसलेत तेवढ्या वाचनावर दुसऱ्या कोणी विमान उडवलं असतं. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्यांच्या खिशात भिंग असतं. कारण ज्यात खरं काय ते लिहिलेलं असतं ती अक्षरं डब्याच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढी असतात.

पुढची बाजू नाना बघतही नाहीत. तिथं चित्ता धावत असतो, ज्वाळा निघत असतात, सोनेरी अक्षरांत 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं असतं. नाना दुकानात शिरतात, डबा उचलतात आणि तो हातातल्या हातात उलटा फिरवतात. दुकानदार लगेच खुर्ची पुढं सरकवतो. हे काम उभ्यानं आटपणारं नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक झालंय.

"१०डब्ल्यू-३०," नाना वाचतात, आणि दुकानात आलेला पपईवाला शेतकरी, ज्याला फक्त फवारणी पंपाचा वॉशर हवा असतो, तो अडकतो. "ह्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. हिवाळा. अमेरिकेतल्या एसएईनं, म्हणजे मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं, तेलाची पातळ-दाट अशी वर्गवारी १९११ साली पहिल्यांदा केली. हे दहा डब्ल्यूचं ऑइल वजा पंचवीस अंशालासुद्धा इतकं आळत नाही की इंजिन फिरेनासं होईल. वीस डब्ल्यू असेल तर हीच हद्द वजा पंधरावर येते."

बाहेर मे महिना असतो. डांबर मऊ झालेलं असतं. पपईवाला कपाळाचा घाम रुमालानं टिपत विचारतो, "नाना, आपल्याकडं वजा पंचवीस कधी व्हतं?"

"सातपुड्यात डाबकडं एखाद्या थंडीत गवतावरचं दव गोठतं," नाना म्हणतात.

"पण मी लोणखेड्याला ऱ्हातो ना."

नाना त्याच्याकडं, वर्गात पहिल्या बाकावरचा पोरगा अचानक मूर्खासारखं बोलला की बघावं तसं बघतात. मग मात्र जे सांगतात ते खरं असतं. सकाळी गाडी चालू केली की पहिल्या काही क्षणांत ऑइल खालून वरपर्यंत पोचायला हवं. इंजिनाची बरीचशी झीज त्याच वेळी होते. पहिला आकडा लहान म्हणजे थंड इंजिनात ऑइल लवकर पळतं. दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा : शंभर अंशाला ते किती दाट राहतं त्याचा. तीस नंबरच्या ऑइलसाठी तो दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या मध्ये बसावा लागतो. सेंटिस्टोक्स हा शब्द नाना इतक्या मायेनं उच्चारतात की तो एखाद्या नातवाचं नाव वाटावं. पपईवाला तोवर वॉशर न घेताच निघून गेलेला असतो.

नानांचा खरा सामना गॅरेजमधल्या मिस्तरीशी. हा माणूस नानांपेक्षा वयानं लहान, शिक्षणानं कमी आणि हातानं कितीतरी शहाणा. त्याच्याकडं कोपऱ्यात एक बॅरल आहे आणि बॅरलला तोटी. कळकट मगात सुटं ऑइल काढायचं आणि गाडीत ओतायचं. ह्या बॅरलवर मूळ काय छापलं होतं ते आता कोणालाच वाचता येत नाही. नानांनी भिंग लावून प्रयत्न केला होता, तेव्हा मिस्तरीनं बॅरलवर ओलं फडकं टाकलं.

"आईल काळं व्हयनं का बदली टाकानं," मिस्तरी म्हणतो. "इतलं माले समजस."

"अरे, काळं झालं म्हणजे ते काम करतंय!" नाना उसळतात. "आतली काजळी त्यानं स्वतःकडं ओढून घेतली. त्यात डिटर्जंट असतं. काळं न होणारं ऑइलच लबाड. डिझेलच्या गाडीत तर आज ओतलं की उद्या काळं."

"नाना, गाडी चालस ना? मंग बस झायं."

ह्या एका वाक्याला नानांकडं उत्तर नाही. गाडी चालते आहे, हे त्यांच्या विद्येवरचं सर्वांत मोठं संकट आहे. जिल्हाभर वर्षानुवर्षं सुट्या ऑइलवर गाड्या चालताहेत, आणि त्या लगेच बंद पडत नाहीत. त्या हळूहळू झिजतात, धूर सोडतात, दमेकऱ्यासारख्या घाट चढतात आणि मग एक दिवस बोअर करायला येतात. तोवर मालकाला कोणतं ऑइल घातलं होतं ते आठवत नसतं. मिस्तरीला आठवत असतं, पण बोअरचं कामही त्याच्याकडंच यायचं असतं. मग सुटं ऑइल बाहेर येतं, जळकं, पातळ, वास मारणारं. तेही वाया जात नाही : वाळवी लागू नये म्हणून घराच्या वाशांना लावतात, बैलगाडीच्या आखाला लावतात, कोणी खाटेच्या पायांना. नाना ह्या वापराच्या विरोधात नाहीत. उलट, अमुक एक ऑइल वाशांनाच लावण्याच्या लायकीचं होतं, ते मधल्या मध्ये इंजिनातून उगाच फिरून आलं, असं त्यांचं मत असतं.

शिक्षक असल्यानं नानांना हजेरी घ्यायची सवय आहे, आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं त्यांच्यासाठी हजेरीपटच तयार करून ठेवलाय. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलांना ही संस्था 'एस'पासून सुरू होणारी अक्षरं देते. एसए सर्वांत जुनं, म्हणजे निव्वळ तेल, त्यात औषधपाणी काही नाही. मग एसबी, एससी असं करत करत आजच्या दिवसापर्यंत. नाना डोळे मिटून म्हणतात, "एसएच... एसआय गैरहजर... एसजे... एसके गैरहजर... एसएल, एसएम, एसएन... एसओ गैरहजर... एसपी." ही तीन अक्षरं संस्थेनं खरंच गाळलेली आहेत. एसजेच्या आधीची सगळी आता संस्थेच्या लेखी कालबाह्य आहेत, तरी आपल्याकडं स्वस्तातल्या डब्यांवर एसएफ-एसजी अजून दिसतं. असा डबा हाती आला की नाना तो हळुवारपणे परत फळीवर ठेवतात. "निवृत्त झालंय बिचारं," म्हणतात. स्वतः निवृत्त असल्यानं असेल, पण आवाजात राग नसतो.

एसपी आलं मे २०२० मध्ये. देश टाळेबंदीत होता, नंदुरबारच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा विचारून फिरत होतं, आणि नानांना चिंता होती की नव्या दर्जाचा डबा इथवर कसा पोचणार. गाडी अंगणात उभी होती. बाजार बंद होता. पेट्रोल होतं ते उडून चाललं होतं. एसएनपेक्षा एसपी कशात सरस आहे हे त्या दिवसांत नानांनी सगळ्या नातेवाइकांना फोनवर समजावलं : टर्बो असलेल्या, थेट आत पेट्रोल उडवणाऱ्या इंजिनांत कमी वेगाला अवेळी जो भडका उडतो, तो ह्यानं आवरतो, टायमिंगची चेनही कमी झिजते. नानांच्या गाडीला टर्बो नाही. थेट आत उडवणं नाही. नातेवाइकांपैकी कोणाच्याच गाडीला तेव्हा नव्हतं. तरीही टाळेबंदी उठल्यावर नानांनी पहिली खरेदी केली ती एसपीच्या डब्याची, आणि मास्क लावून. पुढचं एसक्यू २०२५ मध्ये, ३१ मार्चला लागू झालं. "ह्यांच्याकडंही मार्चएन्ड असतो तर," एवढीच प्रतिक्रिया नानांनी दिली.

एका गोष्टीत मात्र मी नानांचा ऋणी आहे, आणि ती त्यांच्या विरोधकांनीही शिकून घ्यावी. काही डब्यांवर एक गोल शिक्का असतो, मध्ये भोक असलेला. वरच्या कमानीत दर्जा, भोकात दाटपणाचा नंबर. तो शिक्का संस्थेच्या परवान्याशिवाय छापता येत नाही. दुसऱ्या काही डब्यांवर तो नसतो, त्याऐवजी एक गोडसं वाक्य असतं की हे ऑइल अमुक दर्जाच्या अपेक्षा पूर्ण करतं. हे वाक्य कंपनीचं स्वतःचं. नाना म्हणतात, "एकानं गुणपत्रिका आणलीय. दुसरा म्हणतोय, माझा अभ्यास पास होण्याइतका झालाय." पस्तीस वर्षं गुणपत्रिका भरलेल्या माणसानं हे म्हटलं की ऐकणारा खिशात हात घालून पैसे मोजायला लागतो. दुसऱ्या प्रकारातली सगळी ऑइलं वाईट असतात असं नाही, हेही नाना सांगतात, पण ते आवाज खाली आणून.

आणि तो क्लचचा मुद्दा. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघं एकाच ऑइलात आंघोळ करतात. कारमध्ये तसं नसतं. त्यामुळं कारच्या पातळ, पेट्रोल वाचवणाऱ्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती क्लचच्या चकत्यांवर बसली की चकत्या एकमेकींवरून घसरतात. ह्यासाठी जपान्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी वेगळी मोजणी काढली, जासो नावाची : क्लचची पकड धरणारं ते एमए, पुढं त्यातच एमए१ आणि एमए२, निसरडं ते एमबी, स्कूटरसारख्या गाड्यांसाठी, ज्यांचा क्लच ऑइलात भिजत नाही. नानांच्या भाच्यानं कारचं उरलेलं महागडं ऑइल वाया कशाला घालवायचं म्हणून बुलेटमध्ये ओतलं आणि मित्राला मागं बसवून तोरणमाळला निघाला. घाट सुरू होताच इंजिन गर्जायला लागलं आणि बुलेट चालेना. जितकी गर्जना जास्त तितकी गाडी मंद. मागून एक उसाचा ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. घाटातूनच भाच्यानं नानांना फोन लावला, तेव्हा नानांच्या आवाजात जो आनंद होता तो त्यांनी बहिणीपासून लपवायला हवा होता.

"डब्यावर एमए होतं का?"

"मामा, इथं मोबाइलची रेंज—"

"एमए होतं का, एवढंच सांग."

सिंथेटिक हा शब्द निघाला की नाना हळवे होतात. त्यांच्या मते ह्या शब्दाचा विश्वासघात झालाय, आणि त्याची तारीख ते आपल्या जिल्ह्याच्या जन्मतारखेला जोडून सांगतात : "आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आणि वर्षभरानं तिकडं अमेरिकेत तो निकाल लागला." निकाल असा : खनिज तेल हायड्रोजनच्या जोरावर इतकं शुद्ध करायचं की त्याचं रूपच पालटावं, ह्याला तिसरा गट म्हणतात, आणि रेणू रेणू जोडून प्रयोगशाळेत जे बनवतात, पॉलिअल्फाओलेफिन, तो चौथा गट. आधी सिंथेटिक म्हणजे मुख्यतः चौथाच, असं धरून चालत. मोबिलनं तक्रार केली की कॅस्ट्रॉल तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणून विकतंय. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळानं १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेल्या डब्यात नेमकं काय आहे, ते पुढच्या बाजूवरून कळत नाही. नाना हे सगळं धुळे-नंदुरबार एसटीत शेजारच्या प्रवाशाला सांगतात. दोंडाईचा येईपर्यंत शेजारी मोबिलच्या बाजूचा झालेला असतो; त्याच्याकडं सायकल असते.

चौथ्या गटाचं ऑइल खरंच उष्णतेला टिकतं, कमी उडतं, लवकर सडत नाही. तिसऱ्या गटाचंही चांगलं बनवलं तर फार मागं नसतं. पण हे गुण कळायला गाडी तापावी लागते. नानांची गाडी घर ते बाजार एवढ्या अंतरात कधी पुरती तापतच नाही. आत साचलेली वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. अशा गाडीला साधंच ऑइल घालून ते वेळच्या वेळी बदलणं जास्त शहाणपणाचं. नानांना हे ठाऊक आहे. मी एकदा हळूच म्हटलंही. त्यांनी माझ्याकडं, देवाला चांदीचा मुकुट कशाला, म्हणणाऱ्याकडं बघावं तसं पाहिलं आणि विषय एरंडेलावर नेला. कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर, म्हणजे एरंडेलावरून आलं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांत एरंडेल वापरायचे आणि त्याचा फवारा वैमानिकाच्या तोंडावर यायचा, त्यामुळं उतरल्यावर वैमानिकाला शत्रूपेक्षा वेगळीच घाई असायची. नानांचे विनोद एवढेच. पण एरंडेलाचा अनुभव असलेल्या पिढीत तो अजून खपतो.

घरी नानींचं राज्य. तिथं शेंगदाण्याचं तेल घाण्यावरून सुटं येतं, स्टीलच्या बरणीत, कुठल्याही शिक्क्याशिवाय. नाना त्या तेलातली भजी मुकाट खातात. "गाडीला सीलबंद, आणि माणसांना सुटं," असं नानी एकदा पाहुण्यांसमोर म्हणाल्या, तेव्हा नानांनी आणखी दोन भजी मागून घेतली. दोघांचा खरा वाद रिकाम्या डब्यावरून होतो. नकली ऑइल खऱ्या रिकाम्या डब्यांत भरून विकतात, म्हणून डबा भंगारात देण्याआधी निकामी करावा, हे कंपन्याही सांगतात. नाना दाभण घेऊन अंगणात बसतात आणि डब्याला भोकं पाडतात, झाकण वेगळं करतात, चिठ्ठी फाडतात. नानींना तो डबा धड हवा असतो : वरून कापला की धान्य मापायला उत्तम. भोकं पडलेल्या डब्यांत शेवटी तुळस आणि गवती चहा लागतो. नानांच्या दारातली कुंड्यांची रांग वाचत गेलं तर गेल्या दहा वर्षांत दर्जा कसकसा वाढत गेला ते क्रमानं दिसतं. मोगरा एसएलमध्ये आहे, कढीपत्ता एसएनमध्ये.

डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि घोड्यांचा बाजार. लांबलांबून व्यापारी येतात, घोड्याचं तोंड उघडून दातांवरून वय सांगतात, अंगावरचे भोवरे तपासतात, गळ्याशी देवमण आहे का पाहतात. भोवरा अशुभ निघाला की लाखाचा घोडा उतरतो. नाना दरवर्षी जातात आणि घोड्यांकडं ढुंकूनही बघत नाहीत. ट्रॅक्टर-अवजारांच्या दुकानांकडं जातात, जिथं ऑइलचे डबे मांडलेले असतात. आता झालं असं की हिंदुस्थान पेट्रोलियमचं डिझेल इंजिनांसाठीचं एक ऑइल 'लाल घोडा' ह्या नावानं मिळतं. नाना गर्दीच्या मधोमध, एका कानात बोट घालून, पुतण्याशी फोनवर बोलत होते :

"लाल घोडा तुझ्या नव्या पिकअपला नको! ऐकतोस का? बीएस सिक्सला कमी राखेचंच लागतं, नाहीतर मागची जाळी तुंबेल! लाल घोडा जुन्या ट्रॅक्टरसाठी घेऊ!"

शेजारी तीन दलाल थांबले. त्यातला एक फेटेवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, घोडा ट्रॅक्टरला जुंपू नका. वाटल्यास मी बघतो गिऱ्हाईक. दात केवढे आहेत?"

नानांनी फोन खाली केला. "पाच लिटर," ते म्हणाले.

दलालानं दोन पावलं मागं घेतली. त्यानं पुढं कोणाला काय सांगितलं कळलं नाही, पण संध्याकाळपर्यंत पाच लिटर दूध देणाऱ्या लाल घोडीची चौकशी करत दोघेजण नानांच्या मुक्कामी येऊन गेले.

नानांना निरुत्तर झालेलं मी पाहिलंय ते डोंगरात. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटानं जीप निघाली होती. आत जितके बसले होते त्याहून जास्त लोक आत होते. टपावर कोंबड्या, महूच्या फुलांचं पोतं, आणि एक सायकल. नाना ड्रायव्हरच्या शेजारी, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या माणसाच्या शेजारी. घाटात पहिल्या गिअरवर इंजिन ओरडायला लागलं आणि नानांना राहवेना. ऑइलचं खरं काम इथं होतं, ओझ्याखाली, उन्हात, चढावर. त्यांनी विचारलं की डिझेलच्या दर्जातलं सीआय-४ घालतोस की अजून सीएफ-४ वरच आहेस, आणि बदलतोस किती किलोमीटरला?

ड्रायव्हर म्हणाला, "बदलत नाही, बाबा."

"म्हणजे?"

"आठवड्याला अर्धा लिटर पितंय. वरून घालायचं. जुनं राहतंच कुठं बदलायला?"

नाना गप्प झाले. वळणं गेली, दरी गेली, एका जागी थांबून रेडिएटरमध्ये बाटलीनं पाणी घातलं गेलं. नाना बोटांवर काहीतरी मोजत होते. महिन्याला दोन लिटर, इंजिनात पाच-सहा लिटर, म्हणजे तीनेक महिन्यांत जवळजवळ सगळं नवं. धडगाव आलं तेव्हा ते उतरले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "फिल्टर तेवढा बदलत जा." ड्रायव्हर हसला. त्याला हसू का आलं ते मी विचारलं नाही. फिल्टर काढून टाकलेला असण्याची शक्यता मला दिसत होती, आणि ती नानांना समजू नये असंही वाटत होतं.

खरं म्हणजे नानांच्या सगळ्या ज्ञानाचं सार गाडीच्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेलं असतं : दाटपणा अमुक, दर्जा अमुक, क्लचसाठी एमए, इतके मिलिलिटर, इतक्या किलोमीटरला. तेवढं वाचून तसा डबा बऱ्या दुकानातून घेतला, की झालं. त्या ओळीहून वरचं महाग ऑइल घालून गाडी जास्त धावत नाही आणि खालचं घालून बचत होत नाही. आमच्या भागात ही पिशवी गाडी विकतानासुद्धा न फोडलेली निघते. नानांची मात्र पुस्तिका वाचून वाचून शिवण सुटलेली आहे. ती ओळ त्यांना पाठ आहे. पण ती ते कोणाला सांगत नाहीत. विचारायला आलेला माणूस ती ऐकून लगेच उठून गेला, तर दुपार कशी जायची?

गेल्या दिवाळीत मुलानं नानांना नंदुरबारला दुकानात नेलं, विजेवरची स्कूटर दाखवायला. सगळ्या घराला धाकधूक होती. नाना गाडीभोवती एक फेरी मारून खाली वाकले आणि ड्रेन बोल्ट शोधायला लागले.

"ऑइल?" त्यांनी विचारलं.

"लागतच नाही, काका," विक्रेता पोरगा अभिमानानं म्हणाला.

मुलगा पुढं झाला. वडिलांना आधार द्यावा लागेल असं त्याला वाटलं असावं. नाना बराच वेळ तसेच वाकलेले होते. मग त्यांचा हात खिशात गेला, भिंग बाहेर आलं. हँडलवर ब्रेकच्या तेलाची छोटी कुपी होती आणि तिच्या झाकणावर काहीतरी कोरलेलं होतं. "डॉट फोर," नानांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "डॉट थ्रीपेक्षा ह्याचा उत्कलनबिंदू वर. बरं. आता बॅटरी. स्कूटरी पेटत होत्या त्यानंतर बॅटऱ्यांचे नियम कडक केले ना, एआयएस-१५६? त्याचा दुसरा टप्पा लागू झाला २०२३ च्या मार्चअखेर. ही त्याच्या आधीची की नंतरची? शिक्का कुठं मारलाय?"

पोरगा क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, पांढऱ्या रंगात लगेच मिळेल."